पुन्हा तोच ड्रेस? हो, पुन्हा तोच!



आज जरा रागातच लिहायला बसले आहे. राग आधी स्वतःवर आहे, मग तुमच्यावर. म्हणून शेवटपर्यंत वाचा, मध्येच सोडून जाऊ नका.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. मार्चअखेरचं काम उरकलं, पुण्याहून एका मोठ्या ग्राहक कंपनीची माणसं येणार आहेत, शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला कोल्हापुरात सगळ्यांचं जेवण. आणि खाली एक ओळ: ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल.

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, हे तुम्हाला माहीत आहेच. जयसिंगपूरहून रोज एसटीने जाणं-येणं. पंजाबी ड्रेस, ओढणी, डब्याची पिशवी आणि पावसाळ्यात छत्री, हा माझा बारा महिन्यांचा ड्रेस कोड. त्यामुळे ती ओळ वाचून पोटात गोळाच आला. एप्रिल महिना, धाकट्याची शाळेची फी, पुस्तकं, थोरलीचा क्लास. हिशोब माझ्याच हातात असतो, त्यामुळे स्वतःला फसवताही येत नाही. या जेवणासाठी माझ्याकडे पंधराशे रुपये होते. त्यापुढे एक रुपया नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत दर्शन झाल्यावर पायरीवर बसलेल्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली. चौघीही एका सुरात म्हणाल्या, “मग नवीन काय घेणार?”

बघा हं. कोण येणार आहे, तुला काय बोलायचं आहे, रात्री परत कशी येणार, सूर्यास्तानंतरचं जेवण म्हणजे तुझी पंचाईत होणार ना, यातलं एकीनेही विचारलं नाही. पहिला प्रश्न, नवीन काय घेणार. जणू काही जुन्या कपड्यातल्या बाईला त्या हॉटेलचा दरवान आतच सोडणार नव्हता.

या प्रश्नावर मला बोलायचं आहे. आणि त्याच्या सख्ख्या बहिणीवरही. ती बहीण म्हणजे, “अगं, हा तू मागच्या वेळी घातला होतास ना?”

माझ्याच तोंडून निघालेलं वाक्य

आधी माझा गुन्हा सांगते. माझ्या बहिणीची मुलगी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. तिला विचारूनच हे लिहिते आहे. मागच्या दिवाळीनंतर घरात एक साखरपुडा होता. पोरगी आबोली रंगाचा छान ड्रेस घालून आली. मी सात-आठ बायकांच्या घोळक्यात, हसत हसत म्हणाले, “अगं, हाच ना तू लग्नात घातलेलास? पगार कुठे ठेवतेस गं सगळा?”

सगळ्या हसल्या. तीही हसली. मी विसरून गेले.

फेब्रुवारीत एका रात्री तिचा फोन आला. “मावशी, अकरा हजार देशील? आईला सांगू नको.” हप्ते थकले होते. आजारपणाचे नाहीत, भाड्याचे नाहीत. मोबाईलवर दाबलं की आत्ता घ्या आणि मग फेडा, असल्या तीन अॅपवरून घेतलेल्या कपड्यांचे. तिच्या टीमचं दर तीन महिन्यांनी कुठेतरी जेवण असतं. प्रत्येक जेवणाला नवा जोड, नव्या सँडल, वर एखादं जाकीट. कपाटात तेरा जोड, त्यातले नऊ एकदाच अंगाला लागलेले.

मी म्हटलं, “अगं, पण कशाला?”

ती म्हणाली, “फोटो निघतात मावशी. आणि तूच तर म्हणाली होतीस ना.”

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे दिले, ती महिन्याला हजार रुपये परत करते आहे, तो प्रश्न मिटला. पण मी मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालते, पाणी गाळून पिते, आणि माझ्या जिभेने एका तेवीस वर्षांच्या पोरीला कर्जात ढकललं. ही कुठल्या खात्यात मांडायची?

वस्त्र हे जेवण नव्हे

आपण स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचार वाचतो. त्यात आचार्य समंतभद्रांनी भोग आणि उपभोग यांत फरक केला आहे. जे एकदा वापरलं की संपलं, सोडून द्यायचं, तो भोग. जे वापरून पुन्हा वापरायचं, तो उपभोग. अन्न पहिल्यात येतं, वस्त्र दुसऱ्यात. म्हणजे वस्त्र कशाला म्हणायचं, तर जे पुन्हा अंगावर येतं त्याला!

आता सांगा, “हा मागच्या वेळी घातला होतास ना” असं विचारणारी बाई काय करते? ती उपभोगाचा भोग करते. ड्रेसची भाकरी करते. एकदा खाल्ली, संपली, दुसरी थाप. शास्त्र बाजूला ठेवा, साधा व्यवहार म्हणूनही हे चालेल का? हजार रुपयांचा ड्रेस एकदा घातला तर तो हजाराचा पडला. पन्नास वेळा घातला तर वीस रुपयांचा. आपण व्यापारी समाज म्हणवतो, आणि हा भागाकार आपल्याला येत नाही?

परिग्रहपरिमाण व्रताला समंतभद्रांनी इच्छापरिमाण असंही नाव दिलं आहे. मला हे नाव फार आवडतं. वस्तू मोजायच्या आधी इच्छा मोज, असं ते सांगतं. आणि आपण काय करतो? एकमेकींच्या इच्छा वाढवतो, फुकटात, पायरीवर बसून.

अजून बोचरं बोलते, राग आला तर येऊ दे. आपण दिगंबर आहोत. दिशा हेच ज्यांचं वस्त्र, त्या मुनींच्या पायांवर आपण डोकं ठेवतो. गावात आर्यिका माताजींचा संघ आला की पहाटे उठून आहाराची तयारी करतो. माताजींच्या अंगावर एक पांढरी साडी. आज तीच, उद्या तशीच, वर्षानुवर्षं तशीच. तुमच्यापैकी कोणी कधी विचारलं आहे का, “माताजी, पुन्हा तीच?” जीभ झडेल म्हणाल. मग तीच जीभ पोटच्या पोरींपुढे, सुनांपुढे, नोकरी करणाऱ्या बायकांपुढे एवढी मोकळी का सुटते?

आणि दशलक्षण पर्वाचं काय सांगू. नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्मावर प्रवचन ऐकायचं, माझं म्हणावं असं काहीही नाही, आणि ते ऐकताना पुढच्या रांगेतल्या बाईची साडी कितवी ते मोजायचं. दहा दिवसांच्या दहा साड्या हा नियम कुठल्या आचार्यांनी सांगितला? मीही आठ वर्षं पाळला. म्हणून तर ठणकावून सांगते.

“पण ऑफिसात दिसणं लागतंच ना?”

लागतं. हे मी अजिबात नाकारत नाही. “मन शुद्ध असलं की झालं, कपड्याचं काय” असलं बोलणाऱ्यांपैकी मी नाही. चुरगळलेला ड्रेस, विटलेली ओढणी, झिजलेली चप्पल घालून गेलं तर समोरचा माणूस आपल्या कामालाही तसंच समजतो. बाई असेल तर जास्तच. शिवाय माझी गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये आमच्याकडे सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. साडेसातच्या जेवणात माझ्यापुढे ताट नसणार, फक्त पाणी. आणि ताट नसलेल्या बाईकडे सगळे जरा जास्तच बघतात. तिथे मला बिचारी दिसायचं नव्हतं. उपवासाला आलेल्या विधवा आत्यासारखंही दिसायचं नव्हतं.

म्हणजे चांगलं दिसायचं होतं. पण चांगलं आणि नवीन हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढंच माझं म्हणणं.

स्मार्ट कॅज्युअल म्हणजे काय, हे मी भाचीलाच फोन करून विचारलं. पुरुषांचं सोपं आहे. इस्त्रीचा शर्ट, टाय नाही, साधी पँट, झालं. आमच्या खरेदी विभागातले साहेब गेली चार वर्षं प्रत्येक जेवणाला तोच निळ्या चौकडीचा शर्ट घालून येतात. कोणाच्या लक्षातही नाही. मला आहे, कारण मी मुद्दाम मोजलं. आपल्या बायकांसाठी त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. पण भाचीशी बोलून एवढं उमगलं: लग्नाला जाण्याइतकं झगमगीत नको, बाजारात भाजीला जाण्याइतकं साधं नको. अंगाला नीट बसलेलं, कडक इस्त्रीचं, रंग दोन किंवा तीन, आणि एकच गोष्ट उठून दिसणारी. पायात स्वच्छ, न वाजणारं काहीतरी.

यात नवीन हा शब्द कुठे आला? कुठेच नाही. नीट बसलेलं हे शिवणाऱ्या ताईंचं काम आहे, दुकानाचं नाही. कपाटातला निम्मा माल आपल्याला जुना वाटतो तो जुना म्हणून नव्हे, ढगळ म्हणून.

आपली यादी आधीच छोटी आहे

इथे एक गंमत माझ्या लक्षात आली, आणि खरं सांगायचं तर याच गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला. कमी पैशात कपडे निवडायचे तर आधी काय नको ते ठरवावं लागतं. आणि जैन बाईचं काय नको ते जन्मापासून ठरलेलं आहे! फक्त आपण ते ताटापुरतं पाळतो. कांदा, बटाटा, लसूण नको म्हणतो आणि अंगावर काय चढवतो ते बघत नाही.

रेशीम घ्या. पायरीवर एक मैत्रीण म्हणालीच, “सासूबाईंची पैठणी आहे की पेटीत, नेस. एक पैसा खर्च नाही.” सल्ला काटकसरीचा होता, पण रेशीम कसं निघतं ते आपल्याला माहीत आहे. कोशात जीव जिवंत असतानाच कोश उकळत्या पाण्यात किंवा वाफेत धरतात, म्हणजे धागा अखंड मिळतो. एका साडीला असे हजारो कोश लागतात. जीव बाहेर पडू देऊन काढलेलं अहिंसा रेशीमही मिळतं, पण ते महाग, माझ्या पंधराशेत बसणारं नाही. पेटीतलं जुनं रेशीम जाळून टाका असं मी कोणाला सांगत नाही. ज्या जिवांचं व्हायचं ते झालं, आणि सासूबाईंची आठवण आहे ती. पण मला ते नेसवत नाही. आणि पैठणी नेसून ऑफिसच्या जेवणाला जाणं म्हणजे वरमाय होऊन जाणंच.

चामडं घ्या. आपण कोल्हापूरच्या कुशीत राहतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कारागिरांच्या हाताला सलाम आहे. पण ती चामड्याची, म्हणून आपल्या पायात नको. चामड्याची पर्स नको, पट्टा नको. मोती नकोत, ते शिंपल्यातल्या जिवाकडून ओरबाडून घेतलेले. लिपस्टिक घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. ‘कार्माईन’ किंवा ‘सी. आय. ७५४७०’ असं लिहिलं असेल तर तो लाल रंग किडे वाटून केलेला आहे. माझ्या ड्रॉवरमधल्या दोन लिपस्टिकवर ते सापडलं. वर्षभर लावून बस्तीत गेले होते मी!

आता ही यादी नीट बघा. रेशीम, चामडं, मोती, भारीतली लिपस्टिक. दुकानातल्या महागातल्या महाग वस्तू या. धर्म म्हणतो नको, आणि पाकीटही म्हणतं नको. दोघांची यादी जवळजवळ एकच आहे. मग आपलं बजेट कोलमडतं कुठे? त्या तिसऱ्या यादीने. “बायका काय म्हणतील” नावाच्या. ती यादी ना धर्माची, ना पैशाची. ती आपणच लिहितो, एकमेकींसाठी.

माझा हिशोब

अकाउंट्सवाली आहे, हिशोब दिल्याशिवाय राहवणार नाही.

कुर्ता: दोन वर्षांपूर्वीचा गडद निळा सुती. बाजू आत घेतल्या, गळ्याची उसवलेली लेस काढून टाकली, बाह्या चार बोटं आखूड केल्या. शिलाई १८० रुपये.

पँट: पांढरट रंगाची सरळ सुती पँट, महाद्वार रोडवरून. नवी. ५५० रुपये.

कोटी: खणाचं कापड सव्वा मीटर २५० रुपये, अस्तर ७०, शिलाई ३५०. एकूण ६७० रुपये.

बूट: घरातलेच काळे, चामडं नसलेले. तळ चिकटवून, साफ करून ६० रुपये.

इस्त्री: २० रुपये. ही बाहेरूनच करून घेतली, त्यात कंजुषी करू नका.

कानातलं जुनं, पर्स खणाच्याच उरलेल्या तुकड्याची, घरी शिवलेली. एकूण १,४८० रुपये. वीस रुपये उरले.

खणाबद्दल एक सूचना. गुळेदगुड्डच्या जुन्या पद्धतीच्या खणात रेशमाचा धागा असतो. हल्ली सुती आणि कृत्रिम धाग्याचेही खण मिळतात. दुकानदाराला विचारा, आणि शंका असेल तर कडेचे दोन धागे काढून पेटवून बघा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत. वितळून मण्यासारखी गोळी झाली तर प्लास्टिकचा धागा. तीच गोष्ट इरकलची. अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा असू शकतो, विचारून घ्या.

शुक्रवारी सव्वासहाला ऑफिसात बसूनच डबा खाल्ला, भाकरी आणि मुगाची उसळ. हात धुतले, कोटी चढवली, आणि ऑफिसच्या गाडीने गेले. पुण्याहून आलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, “हे कापड कुठलं?” मी सांगितलं. त्यांनी हात लावून बघितला. दोन मिनिटं खणावर बोलणं झालं, आणि मग त्यांनी सरळ विचारलं, “तुमच्या बिलांमध्ये गेल्या तिमाहीत फरक का येत होता?” पुढचा पाऊण तास मी तोच विषय बोलत होते. माझ्यापुढे ताट नाही हे मध्येच कोणाच्या तरी लक्षात आलं, मी म्हटलं, “मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, जेवूनच आले आहे,” आणि बोलणं पुढे चालू राहिलं.

कपड्याकडून मला एवढंच हवं होतं. दोन मिनिटं बोलायचं आणि मग गप्प बसायचं. त्याच्यापुढे काम बोललं पाहिजे.

“तुझं ऐकलं तर दुकानं बंद करायची का?”

हे आमचे थोरले भाऊजी म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान आहे. आपल्यापैकी किती घरांत आहे! प्रश्न खोटा नाही, म्हणून उत्तर देते.

भाऊजी, मी कापड घेऊ नका असं म्हणत नाही. मी स्वतः पँट घेतली, खण घेतला, अस्तर घेतलं. शिवणाऱ्या ताईंच्या हातात ५३० रुपये गेले, ते या गावातच राहिले. जी बाई एक ड्रेस पाच वर्षं घालणार, ती कापड हातात धरून बघते, विणीला ताण देऊन बघते, रंग जाईल का विचारते. ती तुमच्यासारख्याच दुकानात येते. जी एकदाच घालणार, तिला पोत कशाला हवा? ती मोबाईलवर दोनशे नव्व्याण्णवचा टॉप मागवते. तुमचं गिऱ्हाईक काटकसरी बाई नाही पळवत, एकदाच घालायची हौस पळवते. भाऊजी यावर काही बोलले नाहीत, चहा मागितला. आमच्याकडे याचा अर्थ मुद्दा पटला असा होतो.

आणि अजून एक. हे स्वस्त कापड स्वस्त का असतं? आपल्या शेजारी इचलकरंजी आहे. १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आला आणि गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. हजारो घरांची चूल त्यावर पेटते, त्याचा अभिमानच आहे. पण कापड रंगवायला, धुवायला पाणी लागतं, आणि वापरलेलं रसायनाचं पाणी जाणार कुठे? पंचगंगेत. तीच पंचगंगा पुढे आपल्या शिरोळ तालुक्यात येऊन नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात पाणी आटलं की मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो, तो तुम्हीही पाहिला आहे. दोष एकट्या कापडाचा नाही, साखर कारखाने आहेत, गावांचं सांडपाणी आहे. पण कापडाचा वाटा आहेच. नुसता एक सुती टी-शर्ट तयार व्हायला सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो.

आपण घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळतो, जिवाणी जपून परत विहिरीत सोडतो. एका घागरीतल्या जिवांची एवढी काळजी, आणि एकदाच घालायच्या ड्रेसपायी अख्ख्या नदीतल्या जिवांचं काही नाही? सूत घेतलं म्हणजे आपण सुटलो असंही नाही, त्याच्या शेतावरही फवारण्या असतात. पूर्ण अहिंसक कापड नाहीच. म्हणून तर मुनींनी वस्त्रच सोडलं. आपण श्रावक-श्राविका, आपल्याला सोडता येत नाही, कमी करता येतं. त्यालाच अणुव्रत म्हणतात. एवढं तरी करा.

आता तीन गोष्टी मागते

पहिली. “हा मागच्या वेळी घातला होतास ना” हे वाक्य आजपासून तोंडातून बंद. हसतसुद्धा नाही. मौनाचा नियम घेतो ना आपण, तसा या एका वाक्याचा घ्या. कोणी पुन्हा तोच ड्रेस घातलेला दिसला तर म्हणा, “छान ठेवला आहेस गं.” आणि नवीन काय घेणार हे विचारायच्या आधी विचारा, काम कसं चाललं आहे.

दुसरी. येत्या चातुर्मासात कपड्यांचा आकडा ठरवा. आपण हिरव्या भाज्यांचं परिमाण घेतो, तसं. मी घेतलं आहे: बाहेर घालायचे बारा जोड, बस. तेरावा आला तर एक आधी कोणाला तरी गेला पाहिजे. तुमचा आकडा वीस असेल, तीस असेल. पण आकडा असू द्या. मोजल्याशिवाय परिमाण होत नाही.

तिसरी. एकमेकींना द्या आणि एकमेकींकडून घ्या. लग्नाच्या पंगतीची भांडी आपण अजूनही भावकीतून आणतो, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग कोटी, ओढणी, जाकीट मागायला लाज कसली? माझी खणाची कोटी गेल्या महिन्यात पार्सलने पुण्याला गेली. भाचीच्या टीमचं जेवण होतं. पांढरा कुर्ता तिचाच, जुना. वर माझी कोटी. तिने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, ही तू मागच्या वेळी घातली होतीस ना?”

मी लिहिलं, हो. आणि पुढच्या वेळीही घालणार आहे. धुऊन पाठव.

जय जिनेंद्र.